मैनेची पाठ, सुधाकरची बैठक

३ नोव्हेंबर, रविवार

खोगीर माळ्यावरून खाली काढलं. एकटीने. सु. खाटेवरून हुकूम सोडत होते, "हळू वं, सांगाडा आपटू नको." माझी कंबर धरली ते दिसलं नाही त्यांना.

फिजिओवाली मुलगी काल बोलून गेली की सरांना घोड्यावर बसायला हरकत नाही, उलट डाव्या अंगाला तोल सापडेल. दोन्हीकडे माणूस हवा आणि खोगीर असं हवं की त्यांना घट्ट धरून ठेवेल. ती स्कूटीवर बसून गेली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. लकवा मारला पावसाळ्यात. तेव्हापासून हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. चहा हवा का, हूं. टीव्ही लावू का, ऊंहूं. आज पहिल्यांदा स्वतःहून काही मागितलं, म्हणून मी हो म्हटलं. नाहीतर लगनसराईचे शिवायचे ब्लाऊज गळ्यापर्यंत आलेत.

५ नोव्हेंबर, मंगळवार

जुनं खोगीर आमच्या घोडीवर, मैनेवर, टाकून पाहिलं. सु. शेडसमोर खुर्चीत.

मैना चार महिने नुसती उभी. टिनाचं शेड, मागचा रिकामा प्लॉट, एवढंच तिचं जग. आम्ही हुडकेश्वरला आलो तेव्हा सगळीकडे मोकळं होतं, आता चारही बाजूंनी गॅलऱ्या, आणि गॅलरीतून लिदीच्या वासाच्या तक्रारी. बिचारी वाळली. पाठीवरचं मांस गेलं, खांद्यामागचं हाड वर आलं. खोगिराची पुढची कमान सरळ त्या हाडावर टेकली.

सु. खुर्चीतूनच म्हणाले, "हाडाले लागते. काढ."

काढलं. घोडेस्वारीच्या क्लबात शिकवायचे तेव्हाही असेच. पाठ सोललेल्या घोड्यावर कोणी खोगीर चढवलं तर त्याला महिनाभर लीद उचलायला लावायचे, मग तो कलेक्टरचा मुलगा का असेना. लोक घाबरायचे यांना. मीही घाबरायचे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मापं घेतली. आयुष्यभर बायकांच्या अंगाची घेतली, आता घोडीची. विजेची जाड तार खांद्यामागे पाठीवर वाकवून बसवली, तशीच उचलून पुठ्ठ्यावर ठेवली, खडूने रेघ मारून कापली. मग चार बोटं मागे, पुन्हा तेच. मैना तेवढ्यात माझ्या पदराचं टोक खाऊन बसली.

मग सु.चं माप. कंबर, मांडी, मांडीपासून गुडघा. डावी मांडी उजवीपेक्षा बारीक झाली आहे. आंघोळ रोज मीच घालते, पण टेप लावल्यावर कळलं. मी आकडा पुठ्ठ्यावर लिहिला. त्यांनी विचारलं नाही किती भरली ते.

१० नोव्हेंबर, रविवार

नितीनच्या गाडीने कळमेश्वर. नितीन हा सु.चा जुना विद्यार्थी, आता बँकेत आहे, पोट सुटलंय, पण दर रविवारी येतो आणि सरांचे पाय धरतो. त्याच्याशिवाय हे काहीच जमलं नसतं.

तिथे शेखचाचा. आधी टांग्यांचं सामान करायचे, आता वरातीच्या घोड्यांचं करतात. पुठ्ठे पाहून म्हणाले, "भाभी, तुम्ही तर घोडीले ब्लाऊज शिवून राहिल्या जी." मग खोगिरं दाखवली. एक मऊ, वरातीचं, आत लाकडी सांगाडाच नाही, नुसती कापसाची भरती. कोणत्याही पाठीला चालतं म्हणे. दुसरं खोल बैठकीचं, पुढे-मागे उंच, मांडीला टेकू, माणूस हलायचा नाही. पण त्याची पुढची कमान मैनेच्या मापाच्या पुठ्ठ्यावर ठेवली तर अरुंद.

"थोडं तंग आहे," मी म्हटलं.

"नमदा टाकू ना जी खालून. नमद्यानं सब बराबर होते."

नमदा म्हणजे लोकर दाबून केलेली जाड गादी. मला पटेना. मुंढ्यात तंग असलेल्या ब्लाऊजच्या आतून अजून एक अस्तर लावलं तर काय होईल? पण ते चामड्यातले जाणकार. मी मऊ वालंच आणलं, पसंतीवर.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

नितीनने अर्धी रजा टाकली. वरातीचं खोगीर चढवलं. लाल मखमल, सोनेरी लेस, पुढे पितळी मूठ. मैनेला एकदम चाललं. कान पुढे, शेपूट हलवत उभी.

सु. पाहतच राहिले. "मी का नवरदेव आहो?"

मी म्हटलं, "झाले होते ना एकदा. तेव्हा कुठे घोड्यावर आले, माझ्या बापाने रिक्षा पाठवली होती."

पाण्याच्या टाक्याच्या ओट्यावरून नितीनने चढवलं. मैना दोन पावलं चालली आणि सु. डावीकडे कलायला लागले. त्यांच्याबरोबर खोगीरही कलायला लागलं, आतून धरायला काही नाहीच ना. तिसऱ्या पावलाला नितीनने कवटाळून धरलं, नाहीतर गेलेच होते. समोरच्या गॅलरीत दोघी-तिघी उभ्या. एकीने तोंडाला पदर लावला. मला दिसलं.

रात्री जेवताना सु. एकदम म्हणाले, "नवरदेव लंगडा निघाला." आणि हसले. तोंड अजून वाकडं होतं हसताना. पण हसले.

१७ नोव्हेंबर, रविवार

पल्लवीचा पुण्याहून फोन. लेकीचं म्हणणं, घोडी देऊन टाक कुणाला.

"बाबाले घोडीचं वेड आहे, तुले काय झालं आई? तू शेवटची आरामात कधी बसली होती? तूच पडली तर?"

मी चिडले. म्हटलं, तुझ्या बापाला सांग ना मग. तिने सांगितलं नाही, सांगणारही नाही. चिडले कारण ती खरं बोलली. पहाटे लीद, मग यांची आंघोळ, नाश्ता, व्यायाम, मशीन, मैनेला पाणी, स्वयंपाक, परत मशीन. दोघांना कुठे टोचतं, कुठे लागतं, हे मला पाठ आहे. मला कुठे टोचतं हे या घरात कोणी विचारलेलं आठवत नाही. लिहून टाकलं, बरं वाटलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

शेखचाचा स्वतः खोल बैठकीचं खोगीर घेऊन आले. खालून जाड नमदा. आधी नितीनने दहा-बारा फेऱ्या दुडक्या चालीने मारल्या, मैनेची मस्ती काढायला. दुपारचं ऊन, घाम आला तिला. मग सु.

बसले. नुसते बसले नाहीत, ताठ बसले. मागचा उंचवटा कमरेला, टेकू मांडीला, डावा पाय रिकिबीत मी अडकवून दिला. नितीनने हळूच हात काढला. पडले नाहीत. मैना चालली आणि ते तिच्याबरोबर हलले, पूर्वी हलायचे तसे. प्लॉटला पूर्ण फेरी. कुंपणापाशी वळताना त्यांनी उजव्या हाताने लगाम असा अलगद घेतला की मैनेने फक्त एक कान मागे केला आणि वळली.

मी रडले. शेखचाचांनी दुसरीकडे पाहिलं.

नितीनला घाई होती, तो गेला. चाचाही त्याच्याच गाडीने गेले. खोगीर मी काढलं. मैनेची पाठ घामाने भिजलेली, पण खांद्यामागे दोन्हीकडे तळहाताएवढे डाग अगदी कोरडे. मला हायसं वाटलं. ब्लाऊज जिथे काचतो तिथे घाम धरतो, बगलेत बघावं कुणाच्याही. जिथे कोरडं तिथे त्रास नाही. म्हणजे ज्या जागेची भीती होती तिथेच नमद्याने काम केलं.

सु.ना सांगितलं. म्हणाले, "कोरडं? दोन्हीकडं?"

"हो. हातभर पाठ ओली आणि तेवढंच कोरडं."

थोडा वेळ मैनेकडे पाहत बसले. मग म्हणाले, "बरं. चहा टाक."

२७ नोव्हेंबर, बुधवार

सु.नी स्वतः दाढी केली. हनुवटीवर कापलं, तरी स्वतः केली. दुपारी मी झोपले, खरंच झोपले, घोरले म्हणे.

नितीन आता कामावर जायच्या आधी येऊन जातो, एक दिवसाआड. नितीनच्या पाच-सात फेऱ्या, सु.च्या दोन. काल सु. पल्लवीशी फोनवर सगळी वाक्यं पूर्ण बोलले. तिला वाटलं, मी मागून सांगते आहे.

१ डिसेंबर, रविवार

खोगीर आणलं की मैना कान पाडते. पोटाखालचा तंग आवळताना वळून माझ्या खांद्याला दात लावले. चावली नाही, पण लावले. या घोडीने कधी असं केलं नव्हतं.

थंडीमुळे असेल. चाचांना फोन केला, ते म्हणाले, "अजून एक नमदा टाका जी." टाकला. सु. काही बोलले नाहीत. रिकिबीत पाय अडकवताना त्यांचा हात माझ्या डोक्यावर क्षणभर टेकला. तोल सावरायला असेल.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी विहारात गेलो. काठी घेऊन स्वतः चालले, नंदनवनचे भाऊजी, वहिनी, सगळे पाहून चकित. "सुधाकर, तू तं फिट झाला गा." वंदनेला खाली बसता येत नाही, खुर्चीत बसले, पण डोळ्यांत समाधान होतं. मला इतके दिवसांनी कोणी तरी विचारलं, "तू कशी आहे वं नंदा?" बरी आहे म्हटलं. आज तरी ते खरं होतं.

घरी येऊन मैनेला खरारा करायला गेले. डाव्या खांद्यामागे हात गेला आणि ती खालीच बसल्यासारखी दबली. बघते तर पुरीएवढी सूज. गरम. उजवीकडेही आहे, थोडी कमी. डावीकडे जास्त, सु.चा भार डावीकडे पडतो ना. केस घासलेले. पुढच्या दोन-चार स्वाऱ्यांत फुटलंच असतं.

ते बरोबर त्याच जागी, कोरड्या डागांच्या.

सु.ना सांगितलं नाही. नितीनला बाहेरच फोन केला, उद्या येऊ नको, सर थकलेत.

८ डिसेंबर, रविवार

मी पल्लवीशी बोलले. तिला सगळं सांगितलं, कोरड्या डागाचंही.

"आई, कोरडं म्हणजे तिथंच दाब असते. इतका दाब की घामच येत नाही. खोगीर काढलं की पहिले तेच पाहाचं."

"तुला कोणी सांगितलं?"

"बाबानंच. मी सातवीत होती तेव्हा. रोज पाहाले लावत होते मले."

फोन ठेवला. बराच वेळ मशीनपाशी बसून राहिले, पाय पायट्यावर, मशीन बंद.

म्हणजे त्या दिवशी मी सांगितलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. दोन्हीकडं, हे विचारून खात्रीही करून घेतली. आणि मग चहा मागितला.

९ डिसेंबर, सोमवार

विचारलं. सरळच विचारलं, नाश्ता पुढे ठेवून.

"तुमाले माहीत होतं ना जी? कोरडं काय असते ते?"

पोहे चिवडत राहिले. मला वाटलं, नाही म्हणतील, विसरलो म्हणतील, डोक्याला मार बसलाय म्हणतील. विश्वास ठेवला असता मी.

"होतं."

"मंग?"

"तू खुश होती. मी वर बसलो होतो." ताटली बाजूला सारली. मग म्हणाले, "त्या घोडीवर मी माणूस होतो वं, नंदे. खाली उतरलो का तुया हातातलं गाठोडं."

मला खूप राग आला. त्यांच्यापेक्षा मैनेसाठी. ती बोलू शकत नाही, तिने दात लावून सांगितलं आणि मी वरून अजून एक नमदा टाकला. आणि हा माणूस, ज्याने दुसऱ्यांना महिना-महिना लीद उचलायला लावली. मी म्हटलं, तुम्हीच उचला आता लीद. बोलून गेले. त्यांचा डावा हात मांडीवर तसाच पडलेला होता. मग स्वयंपाकघरात येऊन भांडी आपटली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

गुरांचा डॉक्टर येऊन गेला. थंड पाण्याची पट्टी, मलम, आणि पूर्ण उतरेपर्यंत काही चढवायचं नाही. अर्धवट उतरली असताना चढवलं तर आत पू होईल, मग महिनोन्महिने जातील, कदाचित कायमची पाठ गेली, असं म्हणाला.

शेखचाचांना बोलावलं. पुठ्ठा, खोगीर, मैना, सगळं नीट पाहिलं त्यांनी. नमद्याने कमान आणखीच दाटली हे कबूल केलं, कान धरले. पण पुढचं जे बोलले ते ऐकवेना. कमान रुंद केली तर खोगीर पाठीवर खाली, सपाट बसेल. मैनेला आराम. पण मग बैठकीची खोली जाईल, सु. पहिल्यासारखे डावीकडे जातील. त्यांना धरायला डावीकडे जास्त भरलं तर तो भार सगळा मैनेच्या डाव्या खांद्यावर.

"काही मधलं नाही का?"

"पाहून राहिलो ना जी. मैनेच्या पाठीले मांस चढलं तं होईल. नाहीतर भाऊच्या डाव्या पायात जोर आला तं होईल. दोघातला एक तरी सुधरला पाहिजे."

मैनेला मांस चढायचं तर तिला काम हवं. सु.च्या पायात जोर यायचा तर त्यांना मैना हवी. मी चहा केला.

१८ डिसेंबर, बुधवार

परत भिंत. दाढी नाही. जेवण अर्धं. फिजिओवालीने पाय उचलायला सांगितला तर डोळे मिटून घेतले. ती बाहेर येऊन मला म्हणाली, "काकू, मागे गेले हो परत. इतकं छान चाललं होतं."

मला माहीत आहे बाई. मला माहीत नाही तर कोणाला.

पट्ट्या दिवसातून चारदा. मैना आता पट्टी लावू देते. सूज कमी होते आहे, पण डावीकडची हट्टी. ब्लाऊज दोन परत आले, बाही उलटी लावली म्हणून. कधी झालं नव्हतं.

एकदाच बसवलं तर काय होईल, असं माझ्याच मनात येतं. घोडी आहे, माणूस नाही. मग तिच्याकडे गेले की ती तोंड माझ्या काखेत घालते आणि मला स्वतःचीच लाज वाटते.

२१ डिसेंबर, शनिवार

आज सु. स्वतः उठून शेडपर्यंत आले. भिंत धरत, काठी टेकत. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते, पाहत राहिले, मदतीला गेले नाही. मैनेने मान लांब केली. त्यांनी उजवा हात तिच्या नाकावर ठेवला, मग मानेवर, मग खांद्याकडे सरकवला. सुजेच्या अलीकडे थांबवला. पुढे नेलाच नाही.

माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या नितीनले बोलावू का?"

मी ओला टॉवेल झटकून दोरीवर टाकला.

"उतरली असन तं बसतो. नसन उतरली तं नाही. तू हात लावून पाह्य आणि सांग."

"तुम्हीच पाहा ना. तुमच्याइतकं मला कळतं का?"

"माह्या हाताले आता ते गोष्ट विचारू नको. तो खोटं बोलते." आणि मग, मान खाली घालून, "तू जे सांगशीन ते. मी वाद नाही करन."

एवढ्या वर्षांत या माणसाने मला घोड्यांबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. मीठ कमी आहे का, हेही नाही. आणि आता हे. मला वाटलं होतं, असं कोणी कधी विचारलं तर अभिमान वाटेल. दमल्यासारखंच वाटलं.

रात्रीचं जेवण मात्र पूर्ण केलं त्यांनी. भाकरी दुसऱ्यांदा मागितली.

२२ डिसेंबर, रविवार

नितीन निघाला, फोन आला. पंधरा मिनिटांत पोचेल.

सु. अंघोळ करून तयार. स्वतः दाढी केली, नीट, कुठे कापलं नाही. बूट मागितले. उजवा त्यांनी घातला, डावा मी घातला. बसून आहेत बाहेर खुर्चीत, ताठ, हात गुडघ्यावर, उन्हाकडे तोंड करून.

मी देवळीतल्या मेणबत्त्या नीट करायचं निमित्त करून आत आले आणि हे लिहीत बसले आहे.

आत्ता हाक आली, "पाह्यलं का वं?"

"नाही अजून," म्हटलं. "हात ओले आहेत."

पाहिलं आहे. उजाडताच पाहून आले. डावीकडे अजून हाताला गरम लागतं.